मामांनी न प्यायलेली दारू

माझ्या बायकोच्या मामांइतका रस्ता विचारणारा माणूस दिल्ली वसल्यापासून या शहरात दुसरा झाला नसावा. इतर माणसं रस्ता चुकल्यावर विचारतात. मामा घराबाहेर पाऊल टाकल्याबरोबर विचारायला लागत. ज्या मंत्रालयात त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि जिथून ते सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, त्या इमारतीचा रस्तासुद्धा ते बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसाला विचारून खात्री करून घेत. 'मला माहीत आहे हो, पण रस्ते खणून ठेवतात, बदलतात, विचारलेलं बरं,' असं त्यांचं त्यावरचं उत्तर. विचारण्याची पद्धतही ठरलेली होती. तिघांना विचारायचं, दोघांचे हात ज्या बाजूला होतील ती बाजू खरी धरायची, आणि तिघांनी तीन बाजू दाखवल्या तर चौथा गाठायचा. हा प्रसंग वारंवार येई, कारण 'मला ठाऊक नाही' असं म्हणणं दिल्लीकराला कमीपणाचं वाटतं; ठाऊक नसलेला पत्ताही तो ठासून सांगतो. मामा हे सगळं ज्या भाषेत विचारत ती त्यांच्या मते हिंदी होती. प्रत्यक्षात ती मराठीच होती, फक्त शेवटी 'है' असे. 'भाईसाब, ये रस्ता मध्येच कुठं वळता है क्या?' असं ऐकलं की पंजाबी दुकानदार हातातलं काम टाकून बाहेर येई आणि पुढच्या चौकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जाई.

या सवयीला इतिहासाचा भक्कम आधार होता. मराठी पाहुणा दिल्लीला आला की मामा त्याला कुतुबमिनार वगैरे दाखवण्याच्या फंदात न पडता हरियाणाच्या एसटीने पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला घेऊन जात. बरोबर दशम्या, तिळाची चटणी आणि सहा उकडलेले बटाटे असत; मराठी माणसाने रसद घेतल्याशिवाय पानिपतला जायचं नाही हा त्यांचा दंडक. स्मारकापाशी उभं राहून ते पराभवाची मीमांसा सांगत, आणि ती मी तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. 'यमुनेला पाणी होतं. अब्दालीनं काय केलं? तिथल्या माणसाला विचारलं, बाबा रे, उतार कुठं आहे. त्यानं दाखवला. आपण विचारलं का? नाही विचारलं. आपल्याला लाज वाटली.' एवढं बोलून ते डोळे पुसत आणि पाहुण्याच्या हातात बटाटा देत. आमची मनू आठ वर्षांची असताना ते तिला तिथे घेऊन गेले. परत आल्यावर तिने आईला विचारलं, 'आई, शिदोरी मतलब टिफिन ना? तो नव्हता म्हणून आपण हरलो?' मामांना हा सारांशही मान्य होता.

त्यांचं दुसरं वेड नात्याचं. मराठी माणूस दिसला की आडनाव, मूळ गाव आणि आजोळ या तीन प्रश्नांत ते त्याला नातेवाईक करून टाकत. रविवारी सकाळी महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात ते नाश्त्याला जात ते पोह्यांसाठी नव्हे, नव्याने उतरलेल्या माणसांसाठी. कामासाठी दिल्लीत आलेला एखादा बिचारा तहसीलदार चहाचा घोट घेतो न घेतो तोच तो मामांच्या दिवंगत पत्नीच्या आतेबहिणीचा व्याही ठरलेला असे. मामी गेल्यापासून मामा एकटेच होते. मयूर विहारच्या सोसायटीत आमच्याच खालच्या मजल्यावर राहत. मला ते जावईबापू म्हणत आणि अहोजाहो करत. मी कितीही सांगितलं तरी त्यात फरक पडला नाही. भाचजावई म्हणजे जावईच, आणि जावयाचा मान ठेवायचा, इतका सरळ हिशेब होता. जावई तो मान ठेवण्याच्या लायकीचा आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या पद्धतीत बसत नव्हता.

मी नव्हतो. हे सांगितल्याशिवाय मामा पुरते कळणार नाहीत, म्हणून सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला देशाची दारं उघडली आणि बाहेरून आत आलेल्या एका कंपनीत मी सरकारी नोकरी सोडून शिरलो. सरकारी कचेरीत चार वाजता चहा येई, इथे सहा वाजता ग्लास येत. कंपनीचा माल विकणाऱ्या डीलर मंडळींना गुडगावकडच्या कुठल्याशा फार्महाऊसवर न्यायचं, आणि त्यांना संकोच वाटू नये म्हणून आपण आधी सुरू करायचं, हे माझ्या कामात मोडत होतं. मी मुळात कामसू माणूस. दोन वर्षांत डीलर समोर नसले तरी मी त्यांचा संकोच घालवू लागलो. तिसऱ्या वर्षी कपाटात, स्कूटरच्या डिकीत आणि गीझरच्या मागे असा सगळीकडेच माझा बंदोबस्त होता. आपण हे कुणाच्याही लक्षात येऊ न देता करतो आहोत असा माझा समज होता, आणि पिणाऱ्याच्या सगळ्या समजांत हा सर्वांत आनंदी समज असतो.

वसुधाने, म्हणजे बायकोने, आरडाओरडा केला नाही. एके दिवशी ती खाली मामांकडे गेली, तासभर बसली आणि वर येऊन म्हणाली, 'मामा तुम्हाला शनिवारी एका ठिकाणी नेणार आहेत. गेलात आणि जात राहिलात तर बरं. नाही गेलात तर रविवारच्या गाडीने मी मनूला घेऊन नागपूरला जाते. मग परत यायची नाही.' तिकिटं काढलेली होती. तिने ती मला दाखवली आणि पुन्हा पर्समध्ये ठेवली.

ते ठिकाण म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एक गट होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मामांना दोन-चार गटांचे पत्ते दिले होते. मी त्यातला नोएडाचा निवडला, कारण हद्द ओलांडली की उत्तर प्रदेश लागतो, आणि उत्तर प्रदेशात आपल्याला कोण ओळखणार. चिठ्ठीवर सेक्टरचा नंबर आणि 'शाळेत, शनिवारी पाच वाजता' एवढंच होतं. सेक्टर सापडला. तो बराचसा बांधून झाला होता, रस्ते तेवढे व्हायचे होते. नवी कुटुंबं राहायला आलेली आणि त्यांची मुलं लहान, त्यामुळे दर तिसऱ्या घरावर बालवाडीची पाटी होती. मी मामांना मागे बसवून स्कूटर विटांच्या ढिगांतून फिरवत राहिलो. पाऊण तासाने मामा म्हणाले, 'जावईबापू, विचारू या.' मी म्हटलं, 'मामा, तुमच्या पाया पडतो, ही गोष्ट गुप्त असते. विचारायची नसते.' मामा स्कूटरवरून उतरले. 'लाज वाटली की पुढं काय होतं ते तुम्ही पानिपताला पाहिलंय,' ते म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले.

'भाईसाब, वो दारू का लोगों का सभा किधर भरता है?'

इस्त्रीवाल्याला वाटलं दारूचं दुकान विचारताहेत; त्याने हातानेच दाखवलं. 'ठेका? आगे, लाल बत्ती के पास.'

'ठेका नहीं. ठेका सोडनेवाले लोग.'

इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली. मामांना आपादमस्तक न्याहाळून तो म्हणाला, 'मुझे तो नहीं पता बाबूजी. मिल जाए तो लौटते हुए बता जाना. मेरा भाई है.' मामांनी त्याला तसं वचन दिलं आणि परत जाताना ते पाळलंही. पण ते नंतरचं; त्या घडीला मी हेल्मेट न काढता स्कूटरआड उभा होतो आणि ते पुढच्या माणसाकडे वळले होते. एका वॉचमनने उजवीकडे हात केला, भाजीवाल्याने डावीकडे. म्हणजे निकाल लागायला आणखी एक मत हवं होतं, आणि ते मामांना एका फाटकावरच्या पाटीत दिसलं. पाटीवर मराठी आडनाव होतं. अंगणात एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी मनातल्या मनात देवाचा धावा केला, पण मामांचे तीन प्रश्न विचारून झाले होते. गाव सातारा निघालं, बाईंच्या जावेची आई मामींच्या माहेरची निघाली, आणि आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला तुम्हीच मंत्रपुष्पांजली म्हणता ना, अशी ओळखही निघाली. मग मामांनी मोकळेपणाने बैठकीचा पत्ता विचारला.

बाईंच्या हातातली झारी थांबली. 'कुणासाठी हो?'

मामांनी माझ्याकडे पाहिलं. हेल्मेटमधून मला त्यांचे डोळे दिसले, त्यांना माझे दिसले की नाही ठाऊक नाही. 'माझ्यासाठीच,' ते म्हणाले. 'जावईबापू बिचारे सोडायला आलेत.'

मी ते खोडून काढलं नाही. एवढंच नव्हे, शाळा सापडल्यावर आणि दारात उभ्या असलेल्या वयस्क सरदारजींनी 'आइए, आइए' म्हणून मामांचा हात हातात घेतल्यावर मी स्वतःहून म्हणालो, 'मेरे मामाजी हैं. मैं इनको लेकर आया हूँ.' माझ्या आयुष्यात मी बऱ्याच लाजिरवाण्या गोष्टी दारू पिऊन केल्या आहेत. ही मी शुद्धीत केली.

बैठक बालवाडीच्या वर्गात होती. भिंतीवर अनार आणि इमलीची चित्रं होती आणि बसायला चार वर्षांच्या मुलांच्या खुर्च्या. बँकेचा मॅनेजर, रिक्षावाला, एक निवृत्त कर्नल असे पंधराएक जण गुडघे छातीशी घेऊन गोलात बसले होते. कुणीही आडनाव सांगायचं नाही आणि विचारायचं नाही हा तिथला नियम होता. तो ऐकून मामांचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी लागून ते म्हणाले, 'मग इथं माणूस कळायचा कसा?' तेवढ्यात सरदारजींनी त्यांनाच बोलायला सांगितलं.

मामा उठले. आधी नाव सांगितलं, मग सवयीने आडनावासाठी उघडलेलं तोंड मिटलं. 'मैं दारू पीता है,' ते म्हणाले. 'रोज का दो लोटा.'

'लोटा, बाबूजी?' कर्नलने विचारलं.

'छोटा लोटा,' मामा घाईने म्हणाले. 'गरम पाणी में.'

दोघं-तिघं हसले. मामांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. होमिओपॅथीच्या औषधात स्पिरिट असतं असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी अर्ध्यावर आलेला दम्याचा इलाज सोडून दिला होता. दारू कशात घालून पितात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यापुढचं ठाऊक होतं. वसुधा त्यांच्याकडे तासभर बसली होती ती काही उगीच नव्हे.

'मेरी एक छोटी मुलगी है,' ते म्हणाले. 'दस साल की. उसके वाढदिवस को मैं पिके आया. उसके मैत्रिणी लोग ने पूछा, ये कौन है. तो वो बोली, पड़ोस के अंकल हैं.'

मला हे माहीत नव्हतं. त्या वाढदिवसाचं मला एवढंच आठवत होतं की केक चांगला होता.

आता कुणी हसलं नाही. चौसष्ट वर्षांच्या माणसाला दहा वर्षांची मुलगी कशी, हेही कुणी विचारलं नाही. सरदारजींनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि उठून पाण्याचा ग्लास आणला. तो त्यांनी मामांना न देता माझ्या हातात दिला. मी तो मामांपुढे केला.

असे सहा शनिवार गेले, आणि दर आठवड्याला वसुधा जुनी तिकिटं परत करून पुढच्या रविवारची काढत राहिली. दर शनिवारी मामा उठत आणि माझ्या आयुष्यातलं एकेक प्रकरण आपलं म्हणून त्या भीषण हिंदीत सादर करत. गीझरमागची बाटली झाली, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला मी गुरुजींशी घातलेला वाद झाला. लोक सांगतात, देवाच्या भीतीने सुटली, यकृताच्या भीतीने सुटली. माझी मामांच्या पुढच्या भाषणाच्या भीतीने सुटू लागली. नवं प्रकरण त्यांच्या हाती लागू नये म्हणून मी संध्याकाळी सहाला घरी येऊन मनूची गणितं घेत बसे. महिना झाला तेव्हा गटाने मामांना टाळ्या वाजवून एक प्लास्टिकचा बिल्ला दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि बाहेर आल्यावर माझ्या खिशात टाकला.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी, मी पुन्हा प्यालो. कारण काही मोठं नव्हतं. डीलर आले होते आणि त्यांना संकोच वाटत होता. घरी आलो तर वसुधाला वासावरूनच कळलं. तिने पर्स उघडून फक्त पाहिलं आणि ती खाली गेली. शनिवारी मामांनी मला नेहमीप्रमाणे स्कूटर काढायला लावली. वर्गात गेल्यावर ते उभे राहिले. या वेळी त्यांनी लोटा वगैरे काही काढलं नाही. 'गुरुवार को मैंने फिर से पिया,' ते मान खाली घालून म्हणाले. 'सबका माफी मांगता है.' पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं असं ठरलं. रिक्षावाल्याने उठून मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'अंकल, हिम्मत मत हारो. गिरते सब हैं.' मामांनी हात जोडले. 'नहीं हारेगा,' ते म्हणाले.

मला ते बघवेना. मी इतक्या झटक्यात उठलो की ती छोटी खुर्ची माझ्याबरोबर वर आली. मी म्हटलं, यांनी कधीच घेतली नाही. गुरुवारी मी घेतली. मुलगी माझी आहे. शेजारचा अंकल मी आहे. मी हे कोणत्या भाषेत बोललो ते मला आठवत नाही, बहुतेक मामांच्याच हिंदीत बोललो असेन. सरदारजी शांतपणे म्हणाले, 'पता है, पुत्तर. लोटे वाले दिन से पता है. बाबूजी तेरी जगह रोके बैठे थे. अब तू बोल.' मामा लगेच खाली बसले. इतके दिवस पाहुण्याची पिशवी सांभाळून ठेवलेल्या माणसाने ती परत करावी, तसे हलके होऊन बसले. मी बोललो. त्या दिवसानंतर मी प्यालेलो नाही. तिकिटं वसुधाने परत केली आणि पुन्हा काढली नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर मामांचं काही बिघडलं नसतं. पण त्या भाद्रपदात मंडळाच्या गणपतीला वेगळाच प्रकार झाला. वीस वर्षं मंत्रपुष्पांजली मामाच सुरू करत, आणि त्यांचा आवाज मांडवाबाहेरच्या आइस्क्रीमवाल्यालाही ऐकू जाई. त्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, 'यंदा तरुणांना संधी देऊ या.' तो तरुण अठ्ठावन्न वर्षांचा होता. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाई मंडळाच्या महिला समितीत होत्या, आणि त्यांनी फक्त दोघींनाच सांगितलं होतं. मामा मागच्या रांगेत उभे राहून हलक्या आवाजात मंत्र म्हणत होते. मी तावातावाने अध्यक्षांकडे निघालो, तर त्यांनी माझं कोपर धरलं.

'कुठं निघालात?'

'खरं सांगायला.'

'जावईबापू, दिल्लीत मराठी घरं किती? सगळी एकमेकांना ओळखतात. उद्या मनूचं लग्न ठरवायचं होईल तेव्हा हीच मंडळी चौकशीला येतील. माझं आता काय ठरायचं राहिलंय? तिचं लग्न होईपर्यंत तुम्ही एक अक्षर काढायचं नाही. मला शब्द द्या.'

मी शब्द दिला. तो देताना मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं; त्या दुसऱ्या गोष्टीची लाज मला आजही वाटते. मामा मात्र निवांत होते. पुढची बारा वर्षं ते दर शनिवारी माझ्याबरोबर गटात येत राहिले. नव्या माणसांना चहा देत. आडनावाशिवाय माणूस कळतो हे त्यांना अखेर पटलं होतं, तरी एखादा मराठी निघाला की त्यांचे ओठ हलायला लागत आणि सरदारजी लांबूनच बोट वर करत. तिथे त्यांना सगळे लोटेवाले बाबूजी म्हणत. मंडळाने त्यांना पुन्हा कधी पुढे बोलावलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. सगळ्या जगाला रस्ता विचारणाऱ्या माणसाने तेवढी एक गोष्ट कुणालाच विचारली नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दम्यानेच गेले. मंडळाने शोकसभा ठेवली. मनू आता बावीस वर्षांची, मुनिरक्याला खोली घेऊन शिकते. ती आली होती आणि माझ्या शेजारी बसली होती. अध्यक्ष चांगलं बोलले. मामांच्या पानिपतच्या सहलींची आठवण काढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, 'उतारवयात त्यांना एक व्यसन जडलं होतं, हे आपण जाणतोच. पण त्यांनी त्यावर जिद्दीने मात केली, हे आपण विसरता कामा नये.' सभेने सहानुभूतीने माना हलवल्या. वसुधाने डोळ्यांना पदर लावला. मी मनूकडे वळून हळूच म्हणालो, 'तुझं लग्न होईपर्यंत बोलणार नाही असा मी त्यांना शब्द दिलाय.'

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. 'बाबा, प्लीज,' ती म्हणाली. 'उठा.'

मी उभा राहिलो. माझं पूर्ण नाव सांगितलं, पिणारा मी होतो असं सांगितलं, आणि मामांनी तो आळ माझ्यासाठी बारा वर्षं वागवला असं सांगितलं. फार वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांचं खोटं पुसायला दोन-तीन वाक्यं पुरतात, हे कळल्यावर मला मामांची फार आठवण आली. अध्यक्षांनी हातातला कागद उलटसुलट केला आणि सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळावी अशी विनंती केली. सगळे उठले, दोन मिनिटं झाली, सगळे बसले. मनूने माझा सदरा धरून मला खाली ओढलं. पण मला अजून थोडा वेळ उभं राहायचं होतं.